आज्ञावलीची चाचणी परीक्षा

पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा : 'आचार्यांना बोलवा.' 'आचाऱ्यांना बोलवा.' पहिले वाक्य ऐकून गुरुजन येतील आणि दुसरे ऐकून स्वयंपाकी! तसेच 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. लिहिताना फरक केवढा? एका शब्दात अर्धा र रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्या शब्दात तो पापणीसारखा आकार घेऊन य च्या आधी चिकटतो. मराठी वाचणाऱ्याला हा फरक एका दृष्टिक्षेपात कळतो.

संगणकाला मात्र अक्षरे दिसत नाहीत, त्याला फक्त अंक कळतात. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. त्यात 'र' चा क्रमांक २३५२ आणि 'ऱ' चा २३५३ आहे. दोन्ही शब्दांत त्यापुढे हलन्त चिन्हाचा २३८१ आणि 'य' चा २३५१ हे क्रमांक येतात. म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांच्यात संगणकाच्या दृष्टीने फक्त एका अंकाचा फरक आहे. तेवढ्यावरून पडद्यावर रफार काढावयाचा की पापणी, हे आज्ञावलीला ठरवावे लागते.

आता अशी कल्पना करा, की ही आज्ञावली सुधारताना एखाद्या प्रोग्रॅमरच्या हातून काही बिघडले आणि सगळ्या 'दऱ्या' 'दर्या' दिसू लागल्या. तो प्रोग्रॅमर जर जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बसलेला असेल, तर हा दोष त्याच्या लक्षात येईल का? त्याला दोन्ही आकृत्या सारख्याच सुबक वाटतील. तो कितीही हुशार असला तरी हा दोष त्याला दिसणार नाही. तो तुम्हाला दिसेल. नवी आज्ञावली सर्वांच्या हाती पडण्यापूर्वी जगभरचे स्वयंसेवक तिची परीक्षा घेतात ती याच कारणाने. ही परीक्षा कशी घेतात, ते या लेखात पाहू.

आज्ञावली कोणाची?

पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, व्याख्यानासाठी चित्रपट्ट्या तयार करणे अशी कामे करणाऱ्या आज्ञावल्यांच्या संचाला 'ऑफिस' म्हणण्याची प्रथा आहे. त्यांपैकी लिब्रेऑफिस हा संच कोणालाही विनामूल्य मिळतो. एवढेच नव्हे, तर तो ज्या सूचनांनी बनला आहे त्या मूळ सूचनाही कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि पुन्हा वाटता येतात. अशा आज्ञावल्यांना मुक्तस्रोत म्हणतात.

या संचाचा इतिहास मनोरंजक आहे. १९८५ मध्ये जर्मनीतील ल्युनेबुर्ग या गावी मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलाने 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. तिच्या आज्ञावल्यांतून पुढे 'स्टारऑफिस' तयार झाले. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतले आणि २००० साली त्याच्या मूळ सूचना जगाला खुल्या केल्या. त्यातून 'ओपनऑफिस' जन्मले. २०१० च्या आरंभी सन ही कंपनीच ओरॅकलने विकत घेतली, तेव्हा या कामात गुंतलेल्या अनेकांना त्याच्या भवितव्याची काळजी वाटू लागली. त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या संस्थेची घोषणा केली. सूचना खुल्या असल्यामुळे त्या घेऊन वेगळी वाट धरण्याचा हक्क त्यांना होताच. जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती बाहेर आली. या संस्थेचे कार्यालय बर्लिन येथे आहे. काम करणारे मात्र जगभर विखुरलेले आहेत. त्यांपैकी काही वेगवेगळ्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रॅमर आहेत, तर पुष्कळसे स्वयंसेवक आहेत.

आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी

लिब्रेऑफिसची नवी मोठी आवृत्ती साधारणपणे दर सहा महिन्यांनी निघते. २०२४ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना दिलेला असतो. उदाहरणार्थ, २५.८ ही २०२५ च्या ऑगस्टमधील आवृत्ती होय.

प्रत्येक आवृत्तीला बाहेर पडण्यापूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी अल्फा. या वेळी नव्या सोयी नुकत्याच जोडलेल्या असतात आणि त्यांचे कोपरे अजून घासायचे असतात. दुसरी पायरी बीटा. येथपासून नव्या सोयी घालणे बंद होते आणि फक्त दोष काढण्याचे काम चालते. तिसऱ्या पायरीवरील आवृत्तीला 'रिलीज कँडिडेट', म्हणजे उमेदवार आवृत्ती म्हणतात. तीत मोठा दोष आढळला नाही, तर तीच अंतिम आवृत्ती ठरते. आढळला, तर तो दुरुस्त करून दुसरा उमेदवार उभा केला जातो.

स्वयंसेवकांच्या कामाला खरी किंमत असते ती या तीन पायऱ्यांच्या काळात. या वेळी सापडलेला दोष थोड्याच लोकांना त्रास देतो. तोच दोष नजरेतून सुटला, तर नवी आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर जाऊन बसतो आणि मग त्यातून निघालेली पत्रे, दाखले आणि प्रश्नपत्रिका छापल्याही जातात.

यंत्रानेच यंत्राची परीक्षा का घेऊ नये?

तुम्ही विचाराल, की संगणक इतका वेगवान आहे, तर त्यानेच सर्व तपासून का पाहू नये? तो पाहतोच. लिब्रेऑफिसमध्ये सुधारणा केली, की हजारो छोट्या चाचण्या आपोआप चालवल्या जातात. एखादा दोष दुरुस्त झाला, की तो पुन्हा उद्भवू नये म्हणून पुष्कळदा त्याच दोषाचा क्रमांक नावात घेऊन एक नवी चाचणी लिहून ठेवतात. तरीही माणसे लागतातच. का, ते एका साध्या गणिताने पाहू.

समजा, एखाद्या आज्ञावलीत चालू किंवा बंद करता येतील अशा फक्त २० सोयी आहेत. अक्षर ठळक आहे की नाही, शब्द अधोरेखित आहे की नाही, मजकूर तक्त्यात आहे की नाही, इत्यादी. त्यांच्या एकूण जुळण्या २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ होतात. दर सेकंदाला एक जुळणी तपासली, तर सुमारे १२ दिवस लागतील. हे जमण्यासारखे आहे. पण सोयी ३० झाल्या, की जुळण्या १,०७,३७,४१,८२४ होतात आणि त्याच वेगाने त्या तपासायला सुमारे ३४ वर्षे लागतील! प्रत्यक्षात अशा संचात शेकडो सोयी असतात. म्हणून सर्व शक्यता तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच याची जाणीव करून दिली होती. त्याचे म्हणणे असे, की चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, पण दोष नाहीच हे सिद्ध करता येत नाही. विज्ञानातील सिद्धान्ताचेही तसेच आहे. हजार प्रयोग त्याच्या बाजूने गेले तरी तो कायमचा सिद्ध होत नाही. पण एक चोख विरुद्ध प्रयोग त्याला धक्का देतो.

दुसरे कारण आणखी महत्त्वाचे आहे. यंत्र तेवढेच तपासते, जेवढे तपासण्यास कोणीतरी त्याला सांगितलेले असते. 'दऱ्या' हा शब्द तपासावा, असे ज्याला सुचले नाही, त्याची चाचणी 'दऱ्या' बद्दल मुकीच राहणार.

या संदर्भात एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. क्रमांकांवरून जोडाक्षरांच्या आकृत्या जुळवण्यासाठी लिब्रेऑफिस पूर्वी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तीन प्रणालींवर तीन वेगवेगळ्या यंत्रणा वापरत असे. त्यामुळे एकच फाईल दोन संगणकांवर निराळी दिसण्याचा संभव होता आणि विंडोजवरील दोष लिनक्सवाल्याला दिसतच नसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून तिन्हीकडे 'हार्फबझ' ही एकच मुक्तस्रोत यंत्रणा वापरली जाऊ लागली. हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. याचा फायदा असा, की दोष एकदा दुरुस्त केला, की सगळीकडे दुरुस्त होतो. पण नवा दोष शिरला, तर तोही सगळीकडे शिरतो. म्हणजे परीक्षकांची गरज कमी झाली नाही, उलट वाढली.

तक्रार वेगळी, निरीक्षण वेगळे

आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीतून आलेला 'बग' हा शब्द रूढ आहे. बग म्हणजे किडा. यंत्रातील बारीकसारीक खोड्यांना एडिसनने १८७८ मधील एका पत्रातही हाच शब्द वापरला होता. असा किडा दिसला, की काय करावयाचे?

'तुमचा तक्ता नीट चालत नाही' असे कळवणे ही झाली तक्रार. तिच्यावरून कोणालाही काही करता येत नाही. निरीक्षण कसे असते पाहा : 'रिकामा दस्तऐवज उघडला. दोन स्तंभांचा तक्ता घातला. पहिल्या चौकटीत अमुक शब्द लिहिला. फाईल जतन करून बंद केली. पुन्हा उघडली. शब्द तसाच दिसावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेवटचे अक्षर नाहीसे झाले. पाच वेळा केले, पाचही वेळा हेच घडले.' याबरोबर आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि संगणकाची प्रणाली लिहावी. मागील आवृत्तीत हे होत होते का, तेही करून पाहून लिहावे.

तुमच्या प्रयोगवहीतील साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान यांची आठवण झाली ना? पद्धत तीच आहे. कसोटीही तीच आहे : ज्याने तुम्हाला कधी पाहिलेले नाही, त्याने केवळ तुमची नोंद वाचून तोच परिणाम मिळवला पाहिजे.

लिब्रेऑफिसच्या दोषांची नोंदवही सर्वांना खुली आहे. नवी नोंद प्रथम 'खातरजमा न झालेली' या वर्गात पडते. दुसऱ्या कोणीतरी तीच कृती आपल्या संगणकावर करून तोच परिणाम पाहिला, म्हणजे ती 'नवा दोष' या वर्गात जाते. ज्याने दोष नोंदवला त्यानेच त्यावर खातरजमेचा शिक्का मारू नये, असा तेथील संकेत आहे. काही नोंदी 'पूर्वीच नोंदवलेला दोष' म्हणून बंद होतात, तर काही 'माझ्याकडे तर चालते' असा शेरा मिळून परत येतात. अशा शेऱ्याने रागावू नये. तुमच्या आणि त्याच्या संगणकात कोणता फरक आहे, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

सगळे दोष सारखे नसतात. जिम ग्रे या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मधील एका अहवालात दोषांचे दोन प्रकार केले, त्यांची नावे भौतिकीच्या विद्यार्थ्याला आवडतील अशी आहेत. ठरावीक कृती केली, की हमखास दिसणारा ठाम दोष म्हणजे 'बोरबग', कारण बोरच्या अणूचे चित्र असे ठाम आहे. शोधायला गेले, की नाहीसा होणारा दोष म्हणजे 'हायझेनबग', कारण निरीक्षणाच्या मर्यादेचा विचार हायझेनबर्गने मांडला.

सर्वांत धोक्याचा दोष कोणता? आज्ञावली एकदम बंद पडली, तर तो दोष सर्वांनाच दिसतो आणि तो लवकर नोंदवला जातो. खरा धोका असतो गुपचूप घडणाऱ्या चुकीचा. जतन करताना एखादी तळटीप गळली किंवा तक्त्यातील एक आकडा बदलला, तर तो दोष आरडाओरडा करीत नाही. म्हणून चांगला परीक्षक फाईल जतन करून थांबत नाही. ती पुन्हा उघडून ओळ न् ओळ ताडून पाहतो.

निम्मे करीत शोधा

एखादी गोष्ट मागील आवृत्तीत नीट चालत होती आणि नव्या आवृत्तीत बिघडली, तर दोन्हींच्या दरम्यान केलेल्या हजारो बदलांपैकी कोणत्या बदलाने बिघडली? येथे एक सुंदर युक्ती उपयोगी पडते.

दिवाळीत लावतात ती एकसर जोडणीची लहान दिव्यांची माळ आठवा. एक दिवा उडाला, की सारी माळ विझते. माळेत ६४ दिवे असतील, तर एकेक तपासत बसण्याऐवजी प्लग काढून मापकाने पहिल्या ३२ दिव्यांतून विद्युतप्रवाह जातो का, ते पाहावे. जात असेल, तर दोष उरलेल्या निम्म्या भागात आहे. मग १६, मग ८, मग ४, मग २, मग १. सहा चाचण्यांत उडालेला दिवा हाती येतो.

लिब्रेऑफिसच्या परीक्षकांसाठी प्रत्येक बदलानंतरच्या, चालवता येतील अशा तयार प्रती ओळीने जपून ठेवलेल्या असतात. समजा, दोन आवृत्त्यांत ४,०९६ बदल आहेत. मधली प्रत चालवावी. दोष दिसला, तर गुन्हेगार पहिल्या निम्म्यात. नाही दिसला, तर दुसऱ्या निम्म्यात. ४,०९६ हा २ चा १२ वा घात असल्यामुळे बारा चाचण्यांत नेमका बदल सापडतो. या कामाला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, चिकाटी मात्र लागते. आणि प्रोग्रॅमरला प्रचंड जंगलाऐवजी काही ओळीच तपासाव्या लागतात.

हीच युक्ती फाईललाही लावता येते. चाळीस पानांच्या फाईलमध्ये दोष दिसत असेल, तर तिची एक प्रत घेऊन निम्मी पाने पुसा. दोष अजून दिसतो का? असे करीत शेवटी एखादी ओळ उरते. तीच उत्तम नमुना होय.

दोष की रीत?

दिसलेली प्रत्येक विचित्र गोष्ट दोषच असते, असे नाही. एक प्रयोग करून पाहा. लिब्रेऑफिसच्या तक्त्यात ६० हा आकडा लिहून त्याला तारखेचे रूप द्या. २८ फेब्रुवारी १९०० ही तारीख मिळेल. विंडोजवरील एक्सेलमध्ये हेच केले, तर २९ फेब्रुवारी १९०० मिळेल! वस्तुतः १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. मग असे का? १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' या लोकप्रिय आज्ञावलीने १९०० ला लीप वर्ष मानले होते. तिचे तक्ते एक्सेलमध्ये जसेच्या तसे चालावेत, म्हणून एक्सेलने ही चूक जाणूनबुजून ठेवली. लिब्रेऑफिसने दिवसांची मोजणी ३० डिसेंबर १८९९ या शून्य दिवसापासून धरली. त्यामुळे १ मार्च १९०० रोजी दोघांचाही आकडा ६१ येतो आणि पुढच्या साऱ्या तारखा जुळतात.

यातून परीक्षकाने शिकावयाचे ते असे, की दोष म्हणण्यापूर्वी आपली अपेक्षा कशावर आधारलेली आहे, ते तपासावे. क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारी नावे यादीत कोठे यावीत? 'मला असे वाटते' हे उत्तर पुरेसे नाही. शब्दकोश उघडून आधार दाखवता आला पाहिजे.

करून पाहा

परीक्षेसाठीची अल्फा किंवा बीटा आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी 'लिब्रेऑफिसडेव्ह' या नावाने स्वतंत्रपणे बसते. तरीही तीन पथ्ये पाळावीत. पहिले, महत्त्वाच्या फाईलची एकुलती एक प्रत तीत कधीही उघडू नये. दुसरे, नोंदीला जोडलेली फाईल साऱ्या जगाला दिसते, म्हणून तीत कोणाची नावे, गुण किंवा पत्ते असू नयेत. तिसरे, नोंद करण्यापूर्वी तोच दोष आधी नोंदवला गेला आहे का, ते शोधावे. नोंद इंग्रजीत करावी लागते. पण छोटी, सरळ वाक्ये पुरतात. सुरुवातीला शिक्षकांची मदत घ्यावी.

काय तपासावे? 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'उज्ज्वल', 'राष्ट्र', 'क्लृप्ती' असे शब्द लिहा. ते ठळक करा, तिरपे करा, अक्षरांमधील अंतर वाढवा. जोडाक्षरे फुटतात का? पहिली वेलांटी उमटते अक्षराच्या आधी, पण साठवली जाते अक्षरानंतर; तेथे मागे खोडताना काय घडते? पीडीएफ करून तीत तोच शब्द शोधला, तर सापडतो का?

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने एखादे निरीक्षण लिहून द्यावे आणि दुसऱ्याने, काहीही न विचारता, केवळ ते वाचून कृती करावी. परिणाम जुळला नाही, तर कोणते वाक्य अपुरे होते ते दोघांनी मिळून शोधावे. नेमके लिहिण्याचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

नोंदवलेला प्रत्येक दोष लगेच दुरुस्त होतो, असे मात्र नाही. काही नोंदी वर्षानुवर्षे वाट पाहतात. पण जो दोष नोंदवलाच नाही, त्याची दुरुस्ती होण्याची आशा फारच थोडी. जर्मन अक्षरांची काळजी घ्यायला जर्मन वाचणारे आहेत. मराठीतील 'दऱ्या' 'दर्या' होऊ नयेत, हे पाहण्याचे काम मराठी वाचणाऱ्यांनीच करावयाचे आहे, आणि तेही आवृत्ती बाहेर पडण्याआधी.